सार्वजनिक ग्रंथालयाचे नवे रूप आणि प्राथमिक शिक्षकाचे कार्य

१. विषयाचे महत्त्व

प्राथमिक शाळेत मुलास अक्षरओळख होते. परंतु तेवढ्याने वाचनाची सवय जडत नाही. ती जडण्यास पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे, तिसरे, दहावे पुस्तक हाती पडावे लागते. ज्या गावी अशी पुस्तके नाहीत, तेथे शाळा सुटल्यावर थोड्याच वर्षांत मूल पुन्हा अडखळत वाचू लागते आणि शिक्षकाचे श्रम वाया जातात. म्हणून शाळा व ग्रंथालय ह्या दोन निराळ्या संस्था नसून एकाच कार्याची दोन अंगे होत.

आज ह्या जुन्या प्रश्नास नवे वळण लागले आहे. गोंदिया जिल्ह्यातील कितीतरी गावांत वाचनालय नाही. पण बहुतेक गावांत मोबाइल पोहोचला आहे. ह्या साधनाच्या द्वारे, जेथे नेटवर्क मिळते तेथे, लक्षावधी पुस्तके समोर आणता येतात. असे असूनही घरातील मूल त्यावर पाहते फार आणि वाचते थोडे. साधन घरात आले; ग्रंथालय मात्र आले नाही. हे असे का घडते, सार्वजनिक ग्रंथालये ह्या डिजिटल काळात कोणते बदल स्वीकारीत आहेत, आणि खेड्यातील शिक्षकाने त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. बडोदे संस्थानाचा धडा

नव्या साधनांचा ग्रंथालयाने उपयोग करावा, हा विचार आजचा नव्हे. त्याचे उत्तम उदाहरण बडोदे संस्थानात सापडते. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) ह्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू केला. मुले शिकू लागली. पण शिकलेले टिकावे कसे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन ह्यांस पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखण्यात आली. प्रथम शाळा, आणि पाठोपाठ ग्रंथालय, हा त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

ह्या योजनेची तीन वैशिष्ट्ये शिक्षकाने लक्षात ठेवावी. पहिले असे की, खर्चाचा भार वाटून घेतलेला होता. गावाने वर्गणी जमवावयाची व तिला प्रांत पंचायतीने आणि सरकारने जोड द्यावयाची, अशी पद्धत असल्याने वाचनालय गावाला आपले वाटे. दुसरे, जेथे वाचनालय उभारणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात. वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नाही, तर पुस्तकाने वाचकापर्यंत जावे, हे फिरत्या ग्रंथालयाचे सूत्र होय. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानेच चित्रे दाखविण्याची शाखा चालविली. त्या काळी नवीन असलेले चलच्चित्राचे यंत्रही तिने वापरले. म्हणजे पडदा हा ग्रंथालयाचा शत्रू आहे, असे बडोद्याने मानले नाही. त्याने पडद्यास ग्रंथालयाच्या सेवेत घेतले. आजच्या शिक्षकापुढील प्रश्नही ह्याच जातीचा आहे.

३. पाच तत्त्वे व त्यांचा आजचा अर्थ

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच तत्त्वे प्रसिद्ध केली. ती तत्त्वे आजच्या साधनांसही जशीच्या तशी लागू पडतात.

(अ) पुस्तके वापरण्यासाठी असतात. कपाटास कुलूप लावून ठेवलेली पुस्तके आणि संगणकात साठवून कोणी न उघडलेली पुस्तके, दोन्ही सारखीच निरुपयोगी होत.

(आ) प्रत्येक वाचकास त्याच्या गरजेचे पुस्तक मिळावे. इयत्ता दुसरीच्या मुलास मोठ्या अक्षरांची गोष्ट हवी. अंध मुलास कानांनी ऐकावयाचे पुस्तक हवे. धानाची शेती करणाऱ्या पालकास किडीविषयीची माहिती हवी.

(इ) प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा. पन्नास वर्षे अप्राप्य असलेले पुस्तक छायाप्रतीच्या रूपाने खुले झाले, म्हणजे त्यास पुन्हा वाचक मिळू शकतो.

(ई) वाचकाचा वेळ वाचावा. हे काम सूचीचे आहे. कपाटात चारशे पुस्तके असोत वा मोबाइलवर चार लाख, सूची नसेल तर वाचक हरवतो.

(उ) ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. तिने नव्या रूपातील पुस्तकास जागा दिली पाहिजे. पण त्यासाठी जुन्यास बाहेर घालविण्याचे कारण नाही.

ही पाच तत्त्वे कसोटी म्हणून वापरली असता कोणतेही नवे साधन घ्यावे की न घ्यावे, ह्याचा निर्णय शिक्षकास स्वतःच करता येतो.

४. महाराष्ट्रातील ग्रंथालये व चालू बदल

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. ह्या अधिनियमानुसार लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांस शासन मान्यता व अनुदान देते आणि त्यांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी करते. आज राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. त्यांतील बहुसंख्य क व ड वर्गांतील, म्हणजे लहान आहेत. एखादी खोली, दोन-चार कपाटे, वर्तमानपत्रांचे टेबल आणि अल्प मानधनावर काम करणारा ग्रंथपाल, एवढाच त्यांचा संसार असतो. डिजिटल काळाची खरी परीक्षा शहरातील मोठ्या इमारतींत नसून ह्या लहान खोल्यांत आहे.

ह्या ग्रंथालयांत मुख्यतः तीन प्रकारचे बदल होत आहेत.

पहिला बदल सूचीचा. दाखल नोंदवहीतील क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष व किंमत हेच रकाने आता संगणकात भरले जातात. त्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली, तसेच न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेच्या गरजेतून निर्माण झालेली व २००० साली सर्वांस खुली करण्यात आलेली 'कोहा' ही प्रणाली वापरता येते. नोंदी करताना मराठी मजकूर युनिकोड लिपीतच भरावा. जुन्या फाँटमध्ये भरलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक खुणांसारखा दिसतो व शोधताही येत नाही.

दुसरा बदल जतनाचा. जीर्ण पुस्तकांची पाने छायांकित करून त्यांच्या प्रती ठेवल्या जातात. ह्या बाबतीत एक अनुभव बोधप्रद आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' ह्या योजनेत लक्षावधी भारतीय पुस्तके छायांकित झाली, त्यांत मराठीही पुष्कळ होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. तथापि त्यांतील बऱ्याच पुस्तकांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह' ह्या संस्थेच्या भांडारात असल्यामुळे वाचकांचे संपूर्ण नुकसान टळले. एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत सुरक्षित नसते, हा नियम कागदास लागू आहे तसाच संगणकासही आहे.

तिसरा बदल प्रवेशाचा. वाचकाने ग्रंथालयात यावे, ह्याबरोबरच ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, ही बडोद्याची कल्पना आता तारेवाचून साध्य होते. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. दृष्टिबाधित व ज्यांस छापील मजकूर वाचता येत नाही अशा वाचकांसाठी २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. वर्गात असे एखादे मूल असेल, तर शिक्षकाने ह्या सोयीची माहिती पालकांस अवश्य द्यावी.

५. शिक्षकास उपलब्ध असलेले ग्रंथभांडार

आडगावातील शिक्षकासही विनामूल्य मिळू शकेल असे साहित्य थोडे नाही. त्यातील विशेष उपयुक्त साहित्याचा येथे निर्देश केला आहे.

बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर आहेतच. शिवाय १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तेथे वाचावयास मिळतात. मराठीतील नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या कथा, कविता व लेख ह्या अंकांत विखुरलेले आहेत. पाचवी ते आठवीच्या अवांतर वाचनासाठी ह्याहून चांगला ठेवा क्वचितच सापडेल.

मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर खुल्या आहेत. विज्ञान वा भूगोलाचा घटक शिकविण्यापूर्वी संबंधित नोंद वाचण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनेही ह्याच रीतीने उपलब्ध आहेत.

स्थानिक इतिहास व भूगोलासाठी जुनी गॅझेटियरे पाहावी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून ह्या भागाची जुनी माहिती भंडारा जिल्ह्याच्या नावाने शोधावी लागते. रसेल ह्यांनी संपादिलेले १९०८ सालचे इंग्रजी गॅझेटियर व त्यानंतरची शासकीय आवृत्ती ह्यांतून येथील तलाव, जंगल, जमाती व धानशेती ह्यांविषयी पाठास पूरक असे पुष्कळ साहित्य मिळेल. मात्र जुन्या लेखकांची जमातींविषयीची काही मते आज ग्राह्य नाहीत. ती पारखूनच घ्यावी.

लहान मुलांसाठी 'प्रथम बुक्स' ह्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' हे भांडार विशेष महत्त्वाचे आहे. येथील सचित्र गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असून लेखक, चित्रकार व प्रकाशक ह्यांचा नामनिर्देश करून त्या उतरवून घेण्यास, छापण्यास व भाषांतरित करण्यास मोकळीक आहे. येथे मराठी आणि हिंदी ह्यांखेरीज गोंडी भाषेतीलही गोष्टी आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव ह्या तालुक्यांत ज्या मुलांच्या घरी गोंडी बोलली जाते, त्यांस आपल्या बोलीतील छापील शब्द प्रथमच दिसेल, ही गोष्ट लहान नाही. आपली भाषा पुस्तकात असते हे ज्या मुलास कळले, ते पुस्तकास परके मानीत नाही.

पुस्तकांच्या ह्या नव्या वाटा चालू असताना छापील पुस्तकाचे आकर्षण संपलेले नाही, ह्याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' झाले. पुढे ह्या योजनेचा विस्तार करताना शासनाने नवेगावबांधची निवड केली. अरण्यविषयक मराठी लेखनात ज्यांचे स्थान अढळ आहे त्या मारुती चितमपल्ली ह्यांच्या लेखनाशी ह्या परिसराचे निकट नाते आहे. शैक्षणिक सहल नवेगावबांधला न्यावयाची झाल्यास पक्षी व तलाव ह्यांबरोबर पुस्तकांसाठीही वेळ राखून ठेवावा.

६. मोबाइल म्हणजे ग्रंथालय नव्हे

वरील भांडार पाहून, आता मुलाच्या हाती मोबाइल दिला की काम झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज चुकीचा आहे. ग्रंथालयात तीन गोष्टी असतात: निवडलेला संग्रह, त्याची सूची आणि वाचकास ओळखणारा ग्रंथपाल. मोबाइलमध्ये ह्यांपैकी एकही आपोआप येत नाही. तेथे चांगले व वाईट एकत्र मांडलेले असते. पुढे काय दाखवावयाचे हे मुलाची गरज पाहून ठरत नाही. मूल अधिक काळ गुंतून राहावे ह्या हिशेबाने ठरते. ग्रंथपाल मुलास पुस्तक देऊन घरी पाठवितो. मोबाइल मुलास सोडीत नाही. हा भेद पालकांच्या सभेत स्पष्ट करून सांगावा.

दुसरी अडचण विषमतेची. एका घरी दोन मोबाइल असतात, दुसऱ्या घरी एकही नसतो. कोठे तो दिवसभर वडिलांबरोबर बाहेर असतो. जंगलालगतच्या गावांत नेटवर्क मिळण्याचीच मारामार. अशा स्थितीत "घरी मोबाइलवर वाचून या" असा अभ्यास दिल्यास ज्याला साधन नाही तोच मूल मागे पडतो. सार्वजनिक ग्रंथालयाचा जन्म नेमका ही विषमता कमी करण्यासाठी झालेला आहे. म्हणून डिजिटल साहित्य व्यक्तिगत घरी न सोपविता शाळेच्या व वाचनालयाच्या सामाईक जागेत वापरावे, हा मुख्य नियम समजावा.

७. कार्याची पद्धत

समजा, एखाद्या द्विशिक्षकी शाळेत पुस्तकांची एक पेटी, एक मोबाइल व एक दूरदर्शन संच एवढेच साहित्य आहे आणि गावात नेटवर्क नाही. तेथे पुढील क्रमाने काम करता येईल.

(१) संग्रह. तालुक्याच्या गावी बैठकीसाठी गेल्यावेळी गोष्टी उतरवून घेऊन मेमरी कार्डावर साठवाव्या. एक सचित्र बालपुस्तक सरासरी पाच एमबीचे धरले, तरी एक जीबी जागेत सुमारे दोनशे पुस्तके मावतात. दोनशे पुस्तकांची पेटी खांद्यावर नेता येत नाही. हे कार्ड खिशात येते. त्याची एक प्रत केंद्रशाळेत व एक गावच्या वाचनालयात ठेवावी.

(२) सूची. वहीत क्रमांक, गोष्टीचे नाव, भाषा, इयत्ता व एका ओळीत विषय लिहावा. ही वही मुलांच्या हाती राहू द्यावी. हवे ते शोधून काढणे हेही एक शिक्षण आहे.

(३) वाचन-तासिका. आठवड्यातून एकदा पडद्यावर गोष्ट दाखवून शिक्षकाने प्रकट वाचन करावे, ओळीखाली काठी फिरवावी व मध्येच थांबून पुढे काय होईल ते विचारावे. गोंडी वा पोवारी बोलणाऱ्या मुलास तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगू द्यावी. त्यानंतर पडदा बंद करून उरलेली अर्धी तासिका छापील पुस्तकांच्या मूक वाचनास द्यावी. ही दुसरी अर्धी तासिका कधीही गाळू नये. पडद्याचे काम पुस्तकाची ओढ लावण्याचे आहे. पुस्तकाची जागा घेण्याचे नाही.

(४) वाचनालयाशी संबंध. गावात वा शेजारच्या गावी शासनमान्य वाचनालय असल्यास ग्रंथपालाची भेट घेऊन महिन्यातून दोन दिवस मुलांसाठी ठरवून घ्यावे. रोवणी व कापणीच्या दिवसांत वेळ सायंकाळची ठेवावी. शाळेने वाचनालयास वाचक द्यावे, वाचनालयाने शाळेस पुस्तके द्यावी. वाचक नसलेल्या वाचनालयाचे अनुदान काही काळ चालते, पण जीवन चालत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन वाचनालयाच्या खोलीतच साजरा करावा.

(५) स्थानिक संग्रह. ग्रंथालय वाढते असावे, ह्या तत्त्वानुसार वरच्या वर्गांतील मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांकडून धानाच्या जुन्या वाणांची नावे, बोड्या व तलावांच्या कथा, रोवणीची गाणी आणि झाडीबोली, पोवारी व गोंडी भाषांतील शब्द गोळा करावे. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव, गाव व दिनांक लिहावा, शक्य तेथे आवाजही नोंदवावा. हे साहित्य जगातील कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात नाही. आणि सांगणारी पिढी निघून गेल्यावर ते कोणत्याही यंत्राने परत आणता येणार नाही.

८. स्वामित्वहक्काविषयी दक्षता

मोबाइलवर मिळाले म्हणून प्रत्येक पुस्तक वाटावयास मोकळे असते, असे नाही. भारतीय कायद्याप्रमाणे सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. उदाहरणार्थ, साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाली आहेत. परंतु नव्या आवृत्तीतील चित्रे वा प्रस्तावना ह्यांवर दुसऱ्याचा हक्क असू शकतो. हयात लेखकाचे संपूर्ण पुस्तक शिक्षकांच्या गटात पाठविणे म्हणजे त्या लेखकाच्या कष्टावर घाला घालणे होय. अशी पुस्तके वाचनालयाने विकतच घ्यावी. ज्यांस अधिकृत मोकळीक आहे असे साहित्य इतके विपुल आहे की, चोरीची वाट धरण्याचे कारणच उरत नाही.

९. समारोप

बडोद्याची लाकडी पेटी, वाचनालयाचे कपाट आणि आजचे मेमरी कार्ड ही तीनही केवळ पात्रे आहेत. पात्र काळानुसार बदलते, ते वाचकापर्यंत नेणाऱ्या माणसाची गरज बदलत नाही. ज्या गावात ग्रंथपाल आहे तेथे शिक्षकाने त्याचा सहकारी व्हावे. ज्या गावात नाही तेथे ते कार्य शिक्षकाकडेच येते. चौथीतून बाहेर पडणारे प्रत्येक मूल स्वतः निवडलेली किमान दहा पुस्तके वाचून गेले पाहिजे, एवढे उद्दिष्ट प्रत्येक शाळेने समोर ठेवावे.

केंद्र-सभेतील चर्चेसाठी प्रश्न

१. गावातील किंवा लगतच्या वाचनालयात गेल्या वर्षी किती मुलांनी पुस्तके नेली? नोंदवही पाहून कारणांसह चर्चा करा.
२. रंगनाथन ह्यांच्या पाच तत्त्वांपैकी कोणते तत्त्व शाळेतील पुस्तकपेटीच्या बाबतीत सर्वांत अधिक मोडले जाते?
३. इयत्ता तिसरीसाठी दहा डिजिटल व दहा छापील पुस्तकांची सूची तयार करून तिच्या निवडीची कारणे लिहा.
४. पडद्यावरील गोष्टीनंतर मूक वाचन घेतलेली व न घेतलेली अशा दोन तासिकांची निरीक्षणे पुढील सभेत मांडा.